पायलीतली दहा चिपटी

मन्मथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला घरी जेवण आटोपून पुरवणी चाळत बसलो होतो. फोन महानंदा वहिनींचा, म्हणजे त्याच्या पत्नीचा. "भाऊजी, हे गेले," त्या म्हणाल्या. लातूरच्या त्यांच्या घरामागे असलेल्या दालमिलचा घरघराट फोनवर ऐकू येत होता. मग म्हणाल्या, "खुर्चीतच गेले. मी चहा घेऊन आले तर मान एका बाजूला." मी 'निघतो' म्हणालो आणि फोन ठेवला. खरं तर अशा वेळी माणसाला रडू यावं. मला मात्र दिसत होता तो अगदी थोड्याच दिवसांपूर्वीचा मन्मथ. बनियनवर, कपाळाला विभूती, दोन्ही हात वर करून घरातल्या मागच्या छोट्या खोलीत गोल गोल फिरणारा. हृदयाचं दुखणं असलेल्या माणसाने जे जे करू नये ते सगळं एकाच वेळी करणारा. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, चाकूर गेलं, एसटीत मी खिडकीशी बसलेलो आणि माझ्या चेहऱ्यावर हसू येतंय की काय म्हणून मीच पुन्हा पुन्हा तोंडावरून रुमाल फिरवत होतो.

त्यांच्यात, म्हणजे लिंगायतांत, गेलेल्या माणसाला बसवून नेतात. मी पोहोचलो तेव्हा त्याला मांडी घालून बसवलेलं होतं, गळ्यात फुलं, कपाळभर विभूतीचे पट्टे. आमच्याकडे गेलेला माणूस आडवा असतो, त्यामुळे तो गेल्याचं डोळ्यांना लगेच पटतं. मन्मथ बसलेला होता. ज्या ऐटीत तो आयुष्यभर संगणकासमोर बसला, त्याच ऐटीत. मला वाटलं, आता हा डोळे न उघडताच म्हणेल, "बापू, थांबलास कामून? वाच पुढं."

आमची ओळख ग्रंथालयातली. नांदेडच्या एका महाविद्यालयात मी ग्रंथपाल होतो आणि तो संगणकशास्त्र शिकवायचा. मूळचा उदगीरचा. वडिलांची, आजोबांची धान्याची आडत. घरातला हा एकच असा, जो गादीवर बसला नाही. दुपारी तास संपला की तो ग्रंथालयात यायचा, कोपऱ्यातल्या पंख्याखालच्या टेबलावर भलीमोठी इंग्रजी पुस्तकं पसरायचा आणि मधूनच एखाद्या पानावर खो खो हसायचा. तांत्रिक पुस्तक वाचून हसणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. एकदा मी त्याच्या टेबलापाशी जाऊन हळूच म्हणालो, "सर, इथे शांतता पाळतात."

"ग्रंथालयात हसायला बंदी हाय का?"

"हसायला नाही. तुमच्यासारखं हसायला आहे."

त्यावर तो आणखी जोरात हसला. त्या दिवसापासून मी त्याचा बापू झालो आणि तो माझा मन्मथ.

मला संगणकातलं काही कळत नव्हतं, आजही फारसं कळत नाही. पण शेजारी बसलेला माणूस इतका आनंदी असेल तर तो कशाने आनंदी आहे हे विचारावंसं वाटतंच. मी विचारलं, तू शिकवतोस तो कंपायलर म्हणजे नेमकं काय? तो म्हणाला, "दुभाषा. माणूस एका भाषेत लिहितो, यंत्राला दुसरीच कळते. मधी बसून हिकडचं तिकडं करणारा."

"म्हणजे अनुवादक. आमच्याकडे पुष्कळ आहेत, दोन कपाटं भरून."

"हाव. पण तुमचा अनुवादक चुकला तर वाचणारा कुरकुर करतो. माझा चुकला तर विमान पडतं."

मग त्याने मला जे सांगितलं ते मी विसरलेलो नाही. तो म्हणाला, "बापू, तू कागदावर 'पाच' लिहिलंस. तुझ्यासाठी पाच म्हणजे पाच, विषय संपला. यंत्राचा विषय तिथून सुरू होतो. ते विचारतं, पाच खरं, पण ठेवू कशात? लहान भांड्यात, का मोठ्या? आणि नुसतं भांडं सांगून भागत न्हाई. त्यात भरलंय काय तेही सांगावं लागतं. शेरभर तूर आणि शेरभर ज्वारी, माप तेच, पण माल येगळा. तुला-मला डोळ्यांनी कळतं. यंत्राला न्हाई कळत. एकाच भांड्यातला ऐवज पूर्णांक म्हणून वाचला तर एक निघतो, अपूर्णांक म्हणून वाचला तर भलताच. कोणतं भांडं आणि कोणता माल, हे शेवटपर्यंत ध्यानात ठेवायचं काम त्या मधल्या दुभाष्याचं."

मला ते फार आवडलं. भाषा शिकलेल्या माणसाला शब्दांचे अर्थ माहीत असतात, शब्दांना लागणारी जागा माहीत नसते.

आणि मग तो दिवस आला. परीक्षेचे दिवस होते, वाचनकक्ष मुलांनी गच्च भरलेला. जगभर वापरल्या जाणाऱ्या एका मोठ्या कंपायलरची आतली माहिती छापून घेऊन मन्मथ वाचत बसला होता. एकाएकी तो टेबलावर थाप मारून उभा राहिला आणि ओरडला, "आरं, हे तर आमच्या आडतीतलं हाय!" साठसत्तर माना वर झाल्या. मी धावत गेलो. त्याने मला दंडाला धरून खाली बसवलं आणि कुजबुजायचा प्रयत्न करत, म्हणजे नेहमीच्या आवाजात, सांगू लागला. त्या मोठ्या कंपायलरने पूर्णांकांच्या भांड्यांना नावं दिली होती. चार बाइटचं भांडं म्हणजे 'एक'. त्याच्या निम्मं ते 'अर्धा'. त्याच्याही निम्मं, एका बाइटचं, ते 'पाव'. वरच्या बाजूला आठ बाइटचं 'दुप्पट' आणि सोळा बाइटचं 'चौपट'.

"बरं मग?" मी म्हणालो.

"बरं मग काय, बापू! शेर. शेराच्या निम्मं मापटं, त्याच्या निम्मं चिपटं. दोन शेराची अधोली, चार शेराची पायली. चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली! माझा आजा ज्या मापानं तूर मोजायचा, त्याच हिशेबानं ही साहेब लोकं आकडे मोजून राहिलीत. दर बारीला दुप्पट. त्यांना कुणी सांगितलं असंल?"

"कुणी सांगायला कशाला हवं," मी म्हणालो. "निम्मं आणि दुप्पट करणं सगळ्यांनाच सोपं."

"तेच तर! तेच तर लई भारी हाय!"

पुढच्या सोमवारी तो उदगीरहून एक पिशवी घेऊन आला. आत पितळी कडी असलेली, हातांनी घासून गुळगुळीत झालेली पाच लाकडी मापं. आणि किलोभर तूरडाळ. वाचनकक्षाच्या टेबलावर त्याने ती मापं ओळीने मांडली आणि त्याच्या वर्गातल्या मुलांना बोलावून चिपट्याने मापटं, मापट्याने शेर असं भरून दाखवू लागला. मुलं आधी हसली, मग वाकून बघू लागली. कुणी विचारलं, सर, शेरातला माल चिपट्यात ओतला तर? मन्मथने सरळ ओतला. डाळ टेबलावर, टेबलावरून फरशीवर, फरशीवरून नियतकालिकांच्या रॅकखाली. "सांडलं! मोठ्या मापातलं लहान मापात बसवायला गेलं की हे असं सांडतं, आणि यंत्र तुम्हाला सांगतही न्हाई की सांडलं म्हणून." त्या वर्गातला एकही मुलगा ही गोष्ट विसरला नसेल. मी तर नाहीच, कारण पुढे कितीतरी दिवस मासिकांच्या गठ्ठ्यांतून तूरडाळ निघत होती.

त्याच सुमारास त्याने स्वतःचा कंपायलर लिहायला घेतला. मुलांना आतलं सगळं उघडून दाखवता यावं म्हणून. त्यात भांड्यांची नावं इंग्रजी नव्हती. चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली. त्याच्याच विभागातले एक तरुण प्राध्यापक थट्टेने म्हणाले, "सर, पुढच्या आवृत्तीत मण आणि खंडी येणार का?" मन्मथ म्हणाला, "येतील की. तुमची यंत्रं तेवढी मोठी तर होऊ द्या."

निवृत्तीनंतर तो लातूरला गेला. वहिनी तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या, घरही तिथेच बांधलं होतं. गल्ली सगळी शिकवण्यांच्या मुलांनी भरलेली. सकाळी पाठीवर पिशव्या घेतलेल्या पोरांची रांग, संध्याकाळी मेसच्या डब्यांचा खडखडाट. त्या गर्दीत, मागच्या खोलीत, मन्मथचा कंपायलर वाढत होता. आता त्याला मुलांसाठीचं खेळणं करायचं नव्हतं. त्याला तो स्वतःच्या पायावर उभा करायचा होता. याचा अर्थ त्याने मला फोनवर इतक्या वेळा समजावला की मी आता कुणालाही सांगू शकतो. कंपायलर हाही शेवटी एक लिहिलेला मजकूरच असतो. पहिल्यांदा त्याचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करायला दुसऱ्या कुणाचा तरी कंपायलर लागतो. ही पहिली पिढी. मग त्या पहिल्या पिढीकडे तोच मजकूर द्यायचा आणि म्हणायचं, आता तू स्वतःलाच घडव. त्यातून दुसरी पिढी निघते. दुसरीकडून तसंच करून घेतलं की तिसरी. दुसरी आणि तिसरी अक्षरन् अक्षर सारखी निघाली, तर समजायचं की आता हे कुणाच्या आधाराशिवाय उभं आहे. एक बाइट जरी इकडचा तिकडे झाला तर कुठेतरी काहीतरी खोट आहे.

याच काळात त्याच्या छातीत दुखू लागलं. तपासण्या झाल्या, हैदराबादला शस्त्रक्रिया करायची ठरलं. वहिनींनी तारीख घेतली. मन्मथने ती निमूट मान्य केली, पण मला म्हणाला, "बापू, तारखेला मी जाणार. अर्धवट राहिलं तरी जाणार, महानंदाला शब्द दिलाय. पण त्याआधी मला दोन्ही सारखे निघालेले बघायचेत. आयुष्यभर मी पोरांना दुसऱ्यानं केलेली यंत्रं उघडून दाखवली. एक तरी वस्तू मी केलेली अशी असावी, की जिला माझ्याबिगर उभं राहता येतं." हे तो हसत म्हणाला. पण त्याचं हसणं मला इतकी वर्षं माहीत होतं... हे ते नव्हतं.

आणि दोन्ही सारखे निघत नव्हते. अगदी थोड्यासाठी! लाखो बाइट सारखे, मधे मधे काही ठिकाणी मूठभर वेगळे. सगळ्यात खिजवणारी गोष्ट अशी की तिसरी पिढीही काम अचूक करत होती. कोणतंही गणित द्या, उत्तर बरोबर. "बरोबर हाय आणि तरी येगळं हाय," तो म्हणायचा. "बापू, ही काय भानगड हाय?" मी दर शनिवारी लातूरला जाऊ लागलो. माझा उपयोग एवढाच की ग्रंथालयाच्या नोकरीसोबत मी आयुष्यभर मुद्रितं तपासली होती. तो दुसऱ्या पिढीच्या बाइटांची छापील यादी समोर धरायचा, मी तिसरीची मोठ्याने वाचायचो, आकडे आणि इंग्रजी अक्षरांची ती न संपणारी माळ. अर्थ शून्य, पण फरक आला की कान लगेच टवकारायचे. वहिनी दारातून जाता जाता म्हणायच्या, "काय ते, सहस्रनाम चाललंय का दोघांचं?"

"तूही बस की," मन्मथ म्हणायचा.

"मी बसले तर भाकरी कोण थापंल? ते तुमचं यंत्र?"

वाचता वाचता मला एक गोष्ट दिसली. फरक कुठेही, कसाही येत नव्हता. नेहमी आधी काही आकडे सारखे असायचे आणि मग शेवटची शेपटी वेगळी. मी तसं म्हणालो. मन्मथने यादी खाली ठेवली. मग एकेक ठिकाण तपासलं आणि म्हणाला, "पायली हाय ही. सगळ्या पायल्याच हायेत." पुढचा तासभर तो खोलीत येरझारा घालत मला सांगत होता. अपूर्णांक जास्तीत जास्त नेमके ठेवायचे असले की आपली यंत्रं एक खास प्रकार वापरतात. तो दहा बाइटचा असतो. दहा म्हणजे या दुपटीच्या मापांत कुठेच न बसणारा आकडा. अधोली लहान पडते, म्हणून त्याला पायली देतात. सोळा चिपट्यांच्या पायलीत दहाच चिपटी माल. "म्हणजे वरची सहा चिपटी रिकामी," मी म्हणालो. "रिकामी," तो म्हणाला, "मग त्यात फरक कसा पडतो? रिकाम्यात फरक कसा पडंल?" आम्ही जेवलो, झोपलो, रविवार त्यातच गेला. तारीख जवळ येत होती आणि वहिनी हैदराबादची पिशवी भरू लागल्या होत्या.

सोमवारी सकाळी मी निघायच्या तयारीत होतो. दारात जंगम आले, लिंगायतांचे भिक्षेला फिरणारे पुरोहित. सोमवारी त्यांना शिधा घालायची त्या घराची रीत होती. वहिनी आतून ज्वारीचं पोतं आणि उदगीरचं तेच जुनं शेराचं माप घेऊन आल्या. माप भरण्याआधी त्यांनी ते पालथं केलं, बुडावर दोनदा टकटक केलं आणि मग पोत्यात घातलं. मन्मथ खुर्चीत बसून दाराकडे बघत होता. तो एकदम म्हणाला, "थांब. आत्ता काय केलंस?"

वहिनी दचकल्या. "काय केलं? शिधा घालतेय."

"त्याच्या आधी. माप कामून पालथं केलंस?"

"अय्यो, आता हेही मीच सांगू? तुमच्याच आईनं लावलेली सवय. आडतीत म्हणे समोरच्याला माप पालथं करून दाखवल्याबिगर भरायचं न्हाई. मागचं काही तळाला राहिलं असलं तर?"

मन्मथ उठून उभा राहिला. त्याचा चेहरा... तो चेहरा मी कधीच विसरणार नाही. ज्या दिवशी त्याने वाचनकक्षात टेबलावर थाप मारली होती, तोच तो चेहरा होता, फक्त केस पांढरे. "बापू! रिकामं न्हाई ते! मी दहा चिपटी भरली आणि पायली तशीच उचलून लिहून टाकली. आत आधीचं काय पडलं होतं, कुणी बघितलंच न्हाई! आडतीवाल्याचा नातू मी, आणि माप पालथं करायला विसरलो!" जंगम बिचारे झोळी पसरून उभे. वहिनी ओरडल्या, "अहो, हळू! छातीला..." पण तो केव्हाच खोलीत गेला होता.

मी त्याच्यामागे धावलो. माझी एसटी मी सोडली. मला जेवढं समजलं ते असं की यंत्र वाचताना ती दहाच चिपटी बघत होतं, म्हणून उत्तरं बरोबर येत होती. उरलेल्या सहांत आधीच्या कुठल्या तरी कामाचा कचरा तसाच राहत होता. दर पिढीचा कचरा वेगळा, आणि फाइलमध्ये मात्र पूर्ण पायली उतरत होती. दुरुस्ती एका ओळीची होती. भरण्याआधी सोळाही चिपटी शून्य करायची. त्याने ती ओळ लिहिली, आणि लिहिताना बोटाने टेबलावर दोनदा टकटक केलं.

मग पिढ्या चालल्या. पहिलीने दुसरी घडवली, दुसरीने तिसरी. शेवटी दोन्ही समोरासमोर ठेवून तुलना करायची आज्ञा त्याने दिली. आम्ही तिघं पडद्याकडे बघत होतो, मी डावीकडे, वहिनी उजवीकडे, पदराला ज्वारीचा भुसा तसाच. पडद्यावर काहीच आलं नाही. नुसती नवी रिकामी ओळ आणि लुकलुकणारी खूण.

"बंद पडलं का?" वहिनींनी विचारलं.

"न्हाई," मन्मथ अगदी हळू म्हणाला. "फरक असला तरच हे बोलतं. न बोलणं म्हणजे... सारखे हायेत. दोन्ही सारखे हायेत, महानंदा."

"काहीच तक्रार न्हाई?"

"काहीच न्हाई."

"या घरात पहिल्यांदाच कुणी तक्रार न करता बसलंय म्हणायचं," वहिनी म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या देवघरात गेल्या, विभूती आणली, एक बोट त्याच्या कपाळाला, एक माझ्या आणि एक संगणकाच्या पडद्याच्या वरच्या कडेला लावलं. तेव्हा मन्मथने दोन्ही हात वर केले आणि तो गोल फिरू लागला. वहिनी त्याला धरायला धावत होत्या, मी दोघांना धरायला धावत होतो, आणि मागे दालमिल घरघरत होती. मी जन्मात कधी मोठ्याने ओरडलो नव्हतो. त्या दिवशी ओरडलो. काय ओरडलो ते मला आठवत नाही.

दुपारी धपाटे आणि दही खाताना मन्मथ म्हणाला, "आता याच्यावर पहिला प्रोग्राम कुणाचा? माझा न्हाई. मी केला तर त्यात काय मजा?" त्याने माझ्याकडे बघितलं. मी हात जोडले. मग त्याने वहिनींना खुर्चीत बसवलं. चौथीच्या वर्गाला वर्षानुवर्षं पाढे शिकवलेल्या बाई त्या. म्हणाल्या, "मला दीडकी येते. तुमच्या यंत्राला येते का बघू." तो शेजारी स्टुलावर बसून एकेक ओळ सांगत गेला आणि त्या एका बोटाने टंकत गेल्या. दीड, तीन, साडेचार, सहा. पंधरापर्यंत सगळी दीडकी पडद्यावर उतरली तेव्हा तो माझ्याकडे वळून म्हणाला, "बघ बापू. आता मी हैदराबादला निवांत झोपतो."

संध्याकाळी मी निघालो तेव्हा तो फाटकापर्यंत सोडायला आला होता. रिक्षा वळेपर्यंत उभा होता. हैदराबादची तारीख आली त्याआधीच तो गेला. शस्त्रक्रिया झाली असती तर काय, हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला नाही. वहिनींनी विचारला होता. त्यांना उत्तर मिळालं नाही, आणि त्या ते मिळाल्यासारख्या वागतात.

गेल्या आठवड्यात पुन्हा लातूरला गेलो. मला वाटलं होतं, ती मागची खोली बंद असेल. दार उघडं होतं, पंखा चालू होता आणि वहिनी चष्मा लावून त्याच्या खुर्चीत बसल्या होत्या. दीडकी झाली, आता अडीचकी लिहिते म्हणाल्या. कुणाला विचारता, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "कुणाला कशाला? दीडकीवर बघून बघून करते. तुम्ही बसा." मी स्टुलावर बसलो. त्या एकेक अक्षर सावकाश टंकत होत्या, पाटीवर कित्ता काढून द्यावा तशा. मुद्रितं तपासण्याची सवय जात नाही. सातव्या ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिल्याचं मला दिसलं.

"वहिनी, सातव्या ओळीत..."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी कळ दाबली.

पडद्यावर अक्षरं उमटली. इंग्रजी नव्हती. 'अगं, सातवी ओळ बघ. शेवटाला कायतरी राहिलंय. घाई न्हाई, बस निवांत.'

मी कधी एक ओळही लिहून बघितली नव्हती, त्यामुळे चूक झाल्यावर मन्मथचा कंपायलर काय बोलतो हे मला ठाऊकच नव्हतं. वहिनी पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "पोरांसाठी लिहिलं होतं तेव्हा 'आरं' होतं. दीडकी झाल्यावर दुसऱ्या दिवशी बसून सगळीकडं बदललं. मी म्हटलं, कशाला हा उद्योग? तर म्हणाले, आता वापरणारी तूच हायेस."

त्यांनी अर्धविराम दिला. अडीच, पाच, साडेसात, दहा... अडीचकी खळखळत खाली गेली, एकही आकडा न चुकता. मी टाळी वाजवली. वहिनी हसल्या, चष्मा नीट केला, सातव्या ओळीवर परत गेल्या आणि तो अर्धविराम खोडला.